पैसे देऊन मासे धरायला?

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी मासे कोण कोण खातं? हात वर करा पाहू! मला काही तुमचे हात दिसणार नाहीत, पण शाळेतल्या बाईंना ही सवयच असते. आणि जे मासे खात नाहीत त्यांनीही पान उलटू नका बरं का! मी आज तुम्हांला कालवण कसं करायचं ते सांगणार नाहीये. मी सांगणार आहे ती एका खेळाची हकिकत. क्रिकेट, कबड्डी, खो-खो तुम्हांला ठाऊक आहेत. पण किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटर आत समुद्रात जायचं, हातात एक लवचीक काठी घ्यायची, काठीला तंगूस, तंगुसाला गळ, आणि गळाला लागलेल्या माशाशी अर्धा-अर्धा तास झुंजायचं, हाही एक खेळ आहे.

तंगूस म्हणजे काय, असं घाटावरची मुलं विचारतील. तंगूस म्हणजे नायलॉनचा चिवट, पारदर्शक दोरा. आमच्या कोकणात शाळकरी पोरंसुद्धा खडकावर बसून तंगूस टाकतात. त्याला आम्ही गरवणं म्हणतो. हा खेळ म्हणजे गरवण्याचाच मोठा भाऊ. फार मोठा!

गोष्ट २०२३ सालची. माझी शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. माझ्या तिसरीच्या वर्गातली निम्मी मुलं मासेमारांच्या घरची. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ‘‘मी अमेरिकेला माझ्या ताईकडे जाणार आहे. तिथे सॅन डिएगो नावाचं मोठं बंदर आहे. माझा भाचा मला मासे धरायच्या बोटीवर नेणार आहे. त्याच्या बाबांनी पैसे भरून जागासुद्धा राखून ठेवल्यात.’’

दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. तिचे बाबा पहाटे तीनला होडी घेऊन निघतात. ‘‘बाई,’’ ती म्हणाली, ‘‘पैसे देऊन मासे धरायला जातात? धरणाऱ्याला पैसे मिळायला नकोत?’’

सगळा वर्ग हसला. पण ती काही हसली नाही. डिझेलचे पैसे सुटले नाहीत की तिच्या घरी काय होतं, ते तिला चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, ‘‘बघून येते आणि सांगते.’’ तेव्हा हा प्रश्न माझ्याबरोबर विमानात बसला आणि थेट पॅसिफिक महासागरापर्यंत आला.

आता आधी या खेळाची थोडी माहिती करून घेऊ. सॅन डिएगो हे कॅलिफोर्निया राज्याच्या अगदी दक्षिण टोकाचं शहर. पलीकडे मेक्सिको देश. तिथून वायव्येला समुद्रात कॅटलिना नावाचं बेट आहे. या बेटावर १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर नावाच्या माणसाने काठी आणि रीळ वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ ८३ किलोंचा, ट्यूना मासा धरला. ट्यूना म्हणजे आपला कुपा. त्याच वर्षी त्याने ‘ट्यूना क्लब’ काढला. होल्डरचं म्हणणं असं, की जाड दोर टाकून ढिगाने मासे ओढायचे आणि नंतर ते फुकट जाऊ द्यायचे, यात कसला आलाय पराक्रम? दोरा बारीक हवा, काठी हलकी हवी, माशालाही सुटायची संधी हवी. क्लबाने तसे नियमच केले. म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी ‘एवढंच, याहून जास्त नाही’ या विचारातून झाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा भागातून ज्या बोटी सुटतात त्यांना ‘लाँग रेंज’ म्हणजे लांब पल्ल्याच्या बोटी म्हणतात. सुमारे तीस मीटर लांब, पोलादी किंवा फायबरच्या. खाली झोपायला फळ्या, वर स्वयंपाकघर, पाठीमागे मोकळा डेक. काही फेऱ्या दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवसांच्या असतात. मेक्सिकोच्या किनाऱ्याने हजार-दीड हजार किलोमीटर दक्षिणेला जातात. मधल्या काळात त्याच बोटी दीड-दोन दिवसांच्या छोट्या फेऱ्याही करतात. आमची फेरी तसली होती. शनिवारी संध्याकाळी निघायचं, रविवारी दिवसभर मासे धरायचे आणि सोमवारी सकाळी परत. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत ‘मेमोरियल डे’ची सुट्टी असते, त्यामुळे भाच्याची शाळा बुडणार नव्हती.

भाचा तेरा वर्षांचा. वर्षभर खाऊचे पैसे साठवून त्याने स्वतःची काठी घेतली होती. शाळेत सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं, की मोठ्ठा ट्यूना धरून फोटो दाखवीन. ताईला मात्र बोट लागते. ती येणार नव्हती. तिने अटच घातली होती, ‘‘समुद्राकाठी राहणारी मावशी बरोबर असेल तरच पोराला पाठवीन.’’ म्हणून माझी वर्णी! मी मासे धरणार नव्हते. तिथे सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला गळ टाकायचा तर परवाना लागतो. मी परवाना काढलाच नाही. मी आपली बघी. तिकीट मात्र पुरं पडलं हो!

धक्का सोडल्यावर बोट आधी बंदरातच एका ठिकाणी थांबली. तिथे पाण्यावर तरंगणारे मोठमोठे पिंजरे होते, आणि त्यांत जिवंत सार्डिन मासे. आपल्या तारलीची ही चुलत बहीण. खलाशांनी मोठ्या झेल्यांनी ते मासे उचलून बोटीवरच्या टाक्यांत भरले. या टाक्यांत समुद्राचं ताजं पाणी सतत खेळतं असतं. हे आमिष मेलं तर फेरी फुकट, म्हणून खलाशी रात्रभर पाळीपाळीने टाकीवर नजर ठेवतात. बोटीच्या खाली आणखी एक खण असतो. त्यात अतिशय थंड केलेलं समुद्राचं पाणी. धरलेले मासे त्यात जातात.

मग कप्तानाने सगळ्यांना गोळा केलं. आम्ही पंचवीसेकजण होतो. निवृत्त माणसं होती, एक बाप आणि त्याच्या दोन मुली होत्या, एक बस चालवणारे आजोबा होते. कप्तानाने आमच्याकडच्या तांडेलासारख्याच रोखठोक आवाजात नियम सांगितले. त्यातला एक मला फार आवडला. पंचवीस माणसं एकाच बोटीवरून गळ टाकणार, मग दोरे एकमेकांत गुंतणार नाहीत का? तर नियम असा, की तुमचा मासा उजवीकडे पळाला की तुम्हीही उजवीकडे चालायचं. दोरा नेहमी तुमच्या नाकासमोर सरळ राहिला पाहिजे. वाटेत दुसऱ्याचा दोरा आला तर एकाने काठी वर करायची, दुसऱ्याने खालून निघायचं. ‘नो अँगल्स, नो टँगल्स’ अशी तिथली म्हणच आहे. दोरा तिरका झाला की गुंता झालाच म्हणून समजा! ज्याच्या काठीला मासा लागलाय त्याला सगळ्यांनी वाट द्यायची. मग तो कितीही लहान असो, कितीही नवखा असो.

रात्री बोट चांगलीच डोलत होती. मी फळीवर पडून इंजिनाचा आवाज ऐकत होते. पहाटे जाग आली तेव्हा आम्ही ‘कॉर्टेस बँक’वर पोचलो होतो. ही बँक पैशांची नव्हे बरं का! समुद्रात बुडालेल्या डोंगरालाही इंग्रजीत बँक म्हणतात. सॅन डिएगोच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, चहूकडे नजर जाईल तिथे पाणीच पाणी, आणि खाली मात्र अख्खा डोंगर! त्याचं ‘बिशप रॉक’ नावाचं टोक तर पाण्याच्या जेमतेम एक-दोन मीटर खाली आहे. समुद्राचा प्रवाह या डोंगरावर आदळला की तळाचं थंड, सकस पाणी वर येतं. त्या पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात, त्यांना खायला बारीक मासे येतात आणि बारीक माशांना खायला मोठे. म्हणून तिथे कुपे जमतात. भूगोलाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनो, कप्तानाला भूगोल आला नाही तर मासा मिळत नाही!

आपल्याकडे मे महिन्यात घामाच्या धारा लागतात. तिथे मात्र आभाळ राखाडी आणि अंगात जाकीट. उत्तरेकडून येणाऱ्या थंड प्रवाहामुळे असं होतं. वर सीगल पक्षी ओरडत होते. पाण्यात समुद्रसिंह डोकी वर काढून बघत होते, की कुणाच्या गळाचा मासा पळवता येईल! कप्तानाने यंत्रावर पाण्याखालचा थवा हेरला आणि बोट थांबवली. खलाशाने मूठ-मूठ जिवंत सार्डिन पाण्यात भिरकावले. आणि पाहता पाहता पाणी उकळल्यासारखं झालं. कुपे वर आले होते!

हे कुपे साधेसुधे नव्हेत. ते होते पॅसिफिक ब्ल्यूफिन, म्हणजे निळ्या परांचे ट्यूना. यांची जन्मकथा ऐका. हे मासे जन्मतात तिकडे जपान आणि तैवानच्या बाजूच्या समुद्रात. त्यातले काही वर्ष-दोन वर्षांचे झाले, की अख्खा पॅसिफिक महासागर ओलांडून कॅलिफोर्निया-मेक्सिकोच्या किनाऱ्याला येतात. आठ हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास! काही वर्षं इथे खाऊन-पिऊन मोठे होतात आणि अंडी घालायला पुन्हा माघारी जातात. ना नकाशा, ना पासपोर्ट!

भाच्याने सार्डिनच्या नाकातून गळ ओवला आणि तो अलगद पाण्यात सोडला. गळ गोलाकार होता. असा गळ बहुतेक वेळा माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो, घशात शिरत नाही. हिसका मारायचा नाही, नुसतं रीळ गुंडाळायचं. तंगूस बारीक, कारण या माशाची नजर भलतीच तेज. जाड दोरा दिसला की तो फिरकत नाही.

पहिला तास गेला. शेजारच्या दोघांना मासे लागले. भाच्याचं आमिष एका समुद्रसिंहाने पळवलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. आणि मग एकदम त्याच्या रिळातून दोरा सुटायला लागला. सर्रर्र! भावोजी ओरडले, ‘‘थांब, मोज!’’ भाच्याने पाचपर्यंत आकडे मोजले, रिळाची कळ दाबली, आणि काठी वाकली ती अशी, की मला वाटलं पोरगं आता पाण्यात जातं!

तो पळाला बोटीच्या पुढच्या टोकाकडे. भाचाही पळाला. माणसं काठ्या वर करून वाट देत होती. बस चालवणाऱ्या आजोबांनी तर स्वतःचा दोरा गुंडाळून घेतला आणि बाजूला झाले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. हात थरथरायला लागले. खलाशी जवळ येऊन म्हणाला, ‘‘थोडा वेळ मी धरू का?’’ भाच्याने मान हलवली. नाही. मी त्याच्या पाठीशी उभी होते. पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावण्यापलीकडे मला काहीच करता येत नव्हतं. मासा बोटीखाली गोल गोल फेऱ्या मारत होता. प्रत्येक फेरीला थोडा दोरा मिळायचा, थोडा पुन्हा जायचा. पस्तीस मिनिटांनी खोल पाण्यात काहीतरी चमकलं. ‘‘कलर!’’ असं सगळे ओरडले. माशाचा रंग दिसला की असंच ओरडायची तिथे पद्धत आहे. दोन खलाशांनी लांब दांड्याच्या आकड्यांनी मासा वर घेतला. चौदा किलो!

टाळ्या झाल्या. फोटो निघाला. इथपर्यंत गोष्ट अगदी सिनेमासारखी झाली, नाही का? पण आता खरी गोष्ट सुरू होते.

मासा डेकवर शेपटी आपटत होता. इतक्या जोरात, की जणू कुणी ढोल बडवतंय. खलाशाने झटकन त्याच्या डोक्यात अणकुचीदार सळई घालून त्याला मारलं, कल्ल्याजवळ चीर दिली आणि रक्त वाहू दिलं. हे असं का करतात? तर हा मासा इतर बहुतेक माशांसारखा थंड रक्ताचा नसतो. त्याच्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांची रचना अशी असते, की पोहताना तयार झालेली उष्णता बाहेर न जाता आतच राहते. झुंजीनंतर तर अंग आणखी तापतं. रक्त काढून लगेच गार केलं नाही तर मांस खराब होतं. खलाशाने पोट साफ करताना भाच्याला म्हटलं, ‘‘हात घालून बघ.’’

भाच्याने हात घातला आणि पटकन मागे घेतला. ‘‘मावशी,’’ तो मराठीत म्हणाला, ‘‘आतून गरम आहे गं.’’

बाहेरून समुद्रासारखा थंड, आतून कोमट. माशाच्या अंगावरचा तो निळा-रुपेरी रंग आमच्या डोळ्यांदेखत फिका पडत गेला. खलाशाने कल्ल्याच्या झाकणाला भाच्याच्या नंबराची चिठ्ठी टोचली आणि मासा थंड पाण्याच्या खणात गेला. भाचा कठड्याला टेकून उभा राहिला. डोळे भरले होते. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, ‘‘मावशी, मी त्याला मजेसाठी मारलं का?’’

पालकहो, अशा वेळी आपण चटकन काहीतरी बोलून मोकळे होतो. ‘अरे, त्यात काय एवढं!’ किंवा ‘नाहीतर कशाला यायचं?’ मला दोन्ही उत्तरं देववेनात. कारण प्रश्न खरा होता. माझ्या वर्गातल्या मुलीचे बाबा मासे मारतात ते पोटासाठी. त्यांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, विचारूही नये. पण आम्ही तर पैसे मोजून आलो होतो.

मी त्याला विचारलं, ‘‘या माशाचं आता काय होणार?’’

‘‘आपण खाणार. आई करणार. शेजारच्यांना देणार.’’

‘‘फेकणार नाही ना?’’

‘‘नाही!’’

‘‘मग मजा झाली हे खरं, आणि जेवण होणार हेही खरं. दोन्ही लक्षात ठेव.’’

त्याचं पुरतं समाधान झालं नाही. माझंही नाही. तेवढ्यात मासे पुन्हा जोरात लागायला लागले. भावोजी म्हणाले, ‘‘चल, दुसरा धर!’’ नियमाप्रमाणे एका माणसाला दिवसाला दोन ब्ल्यूफिन धरता येत होते. भाचा म्हणाला, ‘‘मी धरतो आणि सोडून देतो.’’

हे ऐकून तो खलाशी थांबला. पन्नाशीचा माणूस, हात खरखरीत, आमच्या गावातल्या कुठल्याही खलाशासारखे. तो म्हणाला, ‘‘सोडायला हरकत नाही, पण मग आणखी एक गोष्ट ठाऊक असू दे. अर्धा तास झुंजून मासा अगदी दमलेला असतो. गळ भलत्या जागी लागला तर रक्तही जातं. सोडलेले काही मासे जगतात, काही खाली जाऊन मरतात. मग तो ना तुझ्या ताटात, ना समुद्रात. तुला नको असेल तर आत्ताच ठरव. गळ पाण्यात पडल्यावर ठरवलंस तर उशीर झालेला असतो.’’

भाचा बराच वेळ काठी हातात घेऊन उभा होता. समोर पाणी उसळत होतं. ज्यासाठी वर्षभर वाट पाहिली ते समोर होतं, आणि नियमही त्याच्या बाजूचा होता. मग त्याने गळ कापून डबीत ठेवला, काठी भिंतीला लावली आणि आमिषाच्या टाकीपाशी गेला. उरलेला दिवस तो इतरांना सार्डिन काढून देत होता. कुणाचा मासा वर आला की सगळ्यांआधी ‘‘कलर!’’ म्हणून ओरडत होता. आजोबांना दुपारी एकदाचा मासा लागला, तेव्हा त्यांच्या पुढे धावत जाऊन ‘‘काठ्या वर! काठ्या वर!’’ करणारा तोच.

भाचा संतबिंत झाला असं मात्र समजू नका हं! परत येताना गाडीत तो म्हणालाच, ‘‘दुसरा धरला असता तर कदाचित वीस किलोंचा असता.’’ भावोजींनी स्वतः दोन धरले होते. ते म्हणाले, ‘‘मी दुसरा धरला तो ऑफिसातल्या मित्रांना द्यायला. त्यात मी वाईट काय केलं?’’ काहीच नाही. ते खरंच वाटणार होते, आणि त्यांनी वाटलाही. घर येईपर्यंत दोघे वाद घालत होते. मी मागच्या सीटवर गप्प बसले. त्या बापलेकांचं बोलणं मला त्या चौदा किलोंच्या माशाइतकंच मोलाचं वाटत होतं.

पण मला त्या ‘दोन’ या आकड्याचं नवल वाटत होतं. दोनच का? मी माहिती काढली. पूर्वी अमेरिकेत हौशी लोकांना दिवसाला माणशी दहा ब्ल्यूफिन धरता येत. या माशाला जपानपासून मेक्सिकोपर्यंत सगळ्यांनी इतकं मारलं, की २०१० सालाच्या सुमारास तो संपत आला. माणसाने कधीच मासेमारी केली नसती तर समुद्रात अंडी घालणारे जेवढे ब्ल्यूफिन असते, त्याच्या जेमतेम २ टक्के उरले होते. शंभरातले दोन! मग देशादेशांनी बसून मर्यादा ठरवल्या. मोठ्या जहाजांना कोटा आला. हौशी माणसाची मर्यादा २०१५ साली दहावरून दोनवर आली. आणि २०२४ साली शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की ते प्रमाण आता २३ टक्क्यांवर गेलं आहे. २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०३४ सालापर्यंत गाठायचं ठरलं होतं. ते दहा-बारा वर्षं आधीच गाठलं गेलं! म्हणजे आमच्या बोटीभोवती जे पाणी उकळत होतं, ते कुणीतरी आधी हात आवरला होता म्हणून.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा किनाऱ्यावर होड्या शाकारून ठेवलेल्या होत्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, कारण पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याच माशांचा तो अंडी घालण्याचा काळ असतो. मी मुलांना सगळी हकिकत सांगितली. जुन्या काळी सॅन डिएगोचे मासेमार मोठा कुपा ओढायला एकाच गळाला दोन-दोन, तीन-तीन काठ्या बांधत आणि तिघे मिळून एक मासा वर काढत, हेही सांगितलं. लगेच एकजण म्हणाला, ‘‘बाई, आमच्या रापणीसारखं!’’ बरोबर! रापण ओढायला सगळी वाडी लागते आणि ओढणाऱ्याला वाटा मिळतो.

‘पैसे देऊन मासे धरायला जातात?’ या प्रश्नाचं उत्तर मी त्या मुलीला असं दिलं : तिथली माणसं माशाचे पैसे देत नाहीत. तेवढ्या पैशांत बाजारात केवढा तरी मासा मिळेल. ती एका दिवसाचे पैसे देतात. तो दिवस, ज्या दिवशी आपलं जेवण कुठून येतं ते आपल्या हाताला कळतं. तिने विचार केला आणि म्हणाली, ‘‘आमच्या बाबांना ते रोजच कळतं. फुकट.’’ आता यावर बाई काय बोलणार?

बालमित्रांनो, तुम्हांला काही सॅन डिएगोला जायला नको. तुमच्या कंपासपेटीत १५ सेंटिमीटरची पट्टी आहे ना? ती घेऊन एकदा आईबाबांबरोबर मासळीबाजारात जा. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये, कारण त्याला एकदा तरी अंडी घालायची संधी मिळायला हवी. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. पापलेटला तुमची पट्टी पुरेल. बोंबलाला पट्टी जरा सरकवावी लागेल. सुरमईला मोठी पट्टी न्या! त्याच २०२३ साली आपल्या रुपेरी पापलेटला ‘राज्य मासा’ हा मानही मिळाला. आता राज्याचा मासा पट्टीपेक्षा लहान असताना ताटात येणं बरं दिसतं का?

मासळीवाल्या मावशींशी हुज्जत घालू नका हं. त्या सकाळपासून बसलेल्या असतात आणि त्यांचंही घर त्यावर चालतं. गोडीत विचारा, ‘‘मावशी, जरा मोठा नाही का?’’ आणि पालकहो, मुलाने असं विचारलं तर त्याला दटावू नका. लहान मासा स्वस्त मिळत असेल, आणि मूल ‘नको’ म्हणत असेल, तर त्या वेळी त्याच्या हातातही एक काठी असते आणि समोर पाणी उसळत असतं. गळ पाण्यात पडण्याआधी त्याला ठरवू द्या.